मिस ट्वायलाची शिकवणी

लॉस्ट फोर्कच्या खोऱ्यातली शाळेची पिवळी बस चालवते ती ट्वायला क्रॅबट्री. बाई हुद्द्याने ड्रायव्हर, पण वागायला हेडमास्तर. पोरं तिला 'मिस ट्वायला' म्हणतात; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणतात. थांब्यावर बस उभी राहायची, दार उघडायचं आणि पोराचा पाय पायरीवर पडायच्या आत प्रश्न यायचा, "गृहपाठ?" झाला म्हणणाऱ्याने तो काढून दाखवायचा. नाही म्हणणाऱ्याने तिच्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर बसून शाळा येईपर्यंत करायचा. आमचे रस्ते असे, की वळणावर पेन्सिल वही सोडून सीटच्या रेक्झिनवर जाते. त्या सीटवर आमच्या अर्ध्या तालुक्याची बेरीज-वजाबाकी गिरवलेली आहे.

तिच्या आधी ती बस मी चालवायचो. निवृत्त झालो तरी सकाळची कॉफी अजून बस गॅरेजमध्येच घेतो, कारण घरी नुसती कॉफी मिळते, बातम्या मिळत नाहीत. हे जे सांगतोय त्यातलं अर्धं ट्वायलाने स्वतः सांगितलं, थोडं तिच्या बसमधल्या एका पोरीच्या आईने, जीनेल नोबलने सांगितलं, आणि दोघींनी जे गाळलं ते मी खोदून काढलं. मला दुसरा उद्योग नाही.

तर चाळिशी उलटल्यावर ट्वायलाच्या मनात आलं की आपण शिक्षिका व्हावं. पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवावं. गॅरेजमध्ये ती म्हणाली, "सकाळी पोरं शाळेत सोडली, की दुपारी परत आणेपर्यंत मी करते काय? एल्डनचे मोजे जोडीने लावते. माणसाला किती मोजे असतात?"

एल्डन म्हणजे तिचा नवरा. तालुक्याच्या रस्ते खात्यात आहे, उन्हाळ्यात रस्त्याकडेचं गवत कापतो, हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकतो, आणि बाराही महिने बायकोचं कौतुक करतो. ट्वायलाने खालच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा हायवेवरच्या प्रत्येक खड्ड्यापर्यंत ती बातमी त्याने पोचवली. आमचा मेकॅनिक हर्शेल तिला त्या दिवसापासून 'प्रोफेसर' म्हणायला लागला. "प्रोफेसर, बसचा डावा आरसा पुसून घ्या, म्हणजे ज्ञानात भर पडेल."

पहिल्या टर्मला तिने तीन विषय घेतले. इंग्रजी तिला आवडलं. बालमानसशास्त्र तर तिच्या रोजच्या धंद्यातलं. गणित मात्र बसलं नाही. शिकवणारा पोरगेलासा मास्तर फळ्याशी बोलायचा, वर्गाशी नाही. पहिल्या परीक्षेचा पेपर परत आला तो लाल शाईत भिजलेला. ट्वायलाने तो चौघडी करून बुटात घातला, बुटात, कारण बॅग एल्डन उघडतो, आणि त्यानंतर त्या वर्गाला गेलीच नाही. बालमानसशास्त्राचा वर्ग त्याच व्हरांड्यात होता. गणिताचा मास्तर समोर येईल या धास्तीने तिने तोही सोडला.

आता यात ती बाई अगदीच वेडी नव्हती. आमच्या बसच्या कामात एक रीत आहे. एखादं पोर आठ-दहा दिवस थांब्यावर दिसलं नाही, की ड्रायव्हर ऑफिसात सांगतो, तो थांबा गळतो, बस पुढे जाते. पोर मावशीकडे राहायला गेलं असेल, बापाबरोबर दुसऱ्या गावी गेलं असेल. कोणी विचारत नाही, कोणी रागवत नाही. ट्वायलाला वाटलं कॉलेजचंही तसंच. चार आठवडे खुर्ची रिकामी दिसली की आपलं नाव गळेल. जन्मभर जी बाई पोरांची नावं गाळत आली, तिला दुसरं काय वाटणार?

नाव गळलं नाही. डिसेंबरात दोन विषयांत नापास असा शेरा आला. इंग्रजीत चांगले गुण होते, पण एक विषय दोघांना किती ओढणार? पुढच्या टर्मसाठी नाव घालायला बसली तर कॉम्प्युटरवरचं बटण दाबलंच जाईना. खाली लिहिलेलं, सल्लागाराला भेटा.

सल्लागार म्हणजे ॲम्बर्गी बाई. चष्मा कपाळावर ठेवून जन्मभर चष्मा शोधणाऱ्यांतल्या.

"मिसेस क्रॅबट्री, तुम्ही प्रोबेशनवर आहात," त्या म्हणाल्या.

ट्वायलाने आधी उठून दार लावलं. मग हळूच म्हणाली, "ते कोर्टात असतं ना? माझा धाकटा दीर आहे प्रोबेशनवर."

"हे आमचं वेगळं. यात कोणी पायाला पट्टा बांधत नाही. तुमची सरासरी घसरलीय. ही टर्म ती वर आणायची. गणित पुन्हा घ्या, पास झालात की जुना नापासाचा गुण धरत नाहीत. पण या टर्मलाही घसरलात, तर पुढची टर्म घरी बसावं लागेल."

"मी तर जायचंच थांबवलं होतं. मला वाटलं नाव आपोआप निघतं."

"नाही हो. नाव काढायचं तर तारखेच्या आत इथे येऊन सांगावं लागतं. असं दर वर्षी कितीतरी जणांचं होतं. दर सोमवारी मला भेटत जा. आणि घरी कोणाला तरी सांगा, एकटीने ओझं वाहू नका."

सोमवारी भेटायचं तिने कबूल केलं. घरी सांगायचं मात्र केलं नाही. सांगणार कोणाला? एल्डनने मिठाच्या गाडीवरच्या गड्यालासुद्धा सांगितलं होतं की आमची बाई मास्तरीण होणार. गॅरेजमध्ये आम्ही विचारायचो, "काय प्रोफेसर, कसं चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय." आणि बसखाली काहीतरी बघायला वाकायची. हर्शेल मला म्हणाला सुद्धा, "ही बाई हल्ली बसच्या खालचं फार बघते. माझ्यावर विश्वास नाही वाटतं हिचा."

जानेवारीतल्या एका सोमवारी ती ॲम्बर्गी बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. तेवढ्यात शेजारी येऊन टेकली टॅबिथा नोबल. वय वर्षं एकोणीस. ही पोर बसमध्ये ट्वायलाच्या मागच्या त्या सीटवर इतकी वर्षं बसली होती, की ती सीट तिच्या नावावर करून द्यायला हरकत नव्हती. गृहपाठ कधी म्हणून केला नाही. कारणं मात्र रोज ताजी. एकदा म्हणाली, वही कोंबडीने खाल्ली. ट्वायलाने दुसऱ्या दिवशी थांब्यावर बस उभी करून, खाली उतरून, कोंबडी बघितली होती.

"मिस ट्वायला? तुम्ही इथे?" टॅबिथा चाचरत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी... मला गेल्या टर्मला जरा कमी पडले. प्रोबेशन. आईला माहितीय, पण तुम्ही प्लीज बसमध्ये कोणाला बोलू नका." आणि मग, ट्वायला गप्प आहे हे बघून, "तुम्हाला बोलावलंय का इथे? आमच्यासारख्यांना शिकवायला?"

ट्वायला मला म्हणाली, त्या पोरीने वाक्य तयार करून हातात दिलं, मला फक्त हो म्हणायचं होतं.

पोरीला ती म्हणाली, "हो. अधूनमधून येते. मदतीला."

टॅबिथाचा चेहरा असा उजळला, की आता शब्द परत घ्यायला जागाच राहिली नाही. "मग मला गणित शिकवाल? सरांना विचारायची भीती वाटते. तुम्हाला मी घाबरते, पण ते सवयीचं आहे."

अशी ती शिकवणी सुरू झाली. लायब्ररीत मागच्या टेबलावर, आठवड्यातून दोनदा. ट्वायलाने गणित पुन्हा त्याच मास्तरकडे घेतलं होतं; दोघींचं पुस्तक एकच, मास्तर वेगळे, वार वेगळे. एक दिवस आधी ट्वायला रिकाम्या बसमध्ये, पोरांच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन, तो धडा स्वतः शिकायची आणि दुसऱ्या दिवशी जन्मापासून येत असल्यासारखा टॅबिथाला सांगायची. गंमत अशी, की तिला येऊ लागलं. टॅबिथालाही येऊ लागलं. पोरीने पहिल्या छोट्या परीक्षेत इतके गुण मिळवले, की तिची आई जीनेल सुक्या सफरचंदाचा थरांचा केक घेऊन थेट गॅरेजमध्ये आली.

आमच्याकडे तो केक लग्नात करतात किंवा मयताला. जीनेल तो टेबलावर ठेवून म्हणाली, "मिस ट्वायला कॉलेजात शिकवतात आणि तुम्ही लोक त्यांच्याकडून आरसे पुसून घेता? माझी पोर आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक उघडून बसलीय."

हर्शेल उभाच राहिला. "शिकवतेस? आणि आम्हाला पत्ता नाही?"

ट्वायला म्हणाली, "तसं काही नाही रे, थोडीफार मदत."

"विनय बघा," हर्शेल माझ्याकडे बघून म्हणाला, आणि सगळ्यात मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला. मी तीन तुकडे खाल्ले. तिने एकालाही हात लावला नाही. मला वाटलं, साखर वाढली असेल.

फेब्रुवारीत रस्त्यांवर बर्फ गोठला आणि शाळा दोन तास उशिरा भरायला लागली. शाळा उशिरा, म्हणजे बस उशिरा, म्हणजे ट्वायलाचा दहाचा गणिताचा वर्ग बुडाला. नेमका त्याच दिवशी मास्तरने नवा धडा काढला. बरोबरीच्या चिन्हाऐवजी त्यात 'याहून लहान' आणि 'याहून मोठं' अशी तोंड वासलेली चिन्हं असतात. मला त्यातलं फार कळतं असं समजू नका, तिने सांगितलं ते सांगतो. ट्वायलाने कोणाकडून तरी गृहपाठाचं पान मागून घेतलं, बसमध्ये बसून बघितलं आणि ठरवलं की हे तर जुनंच आहे, बरोबरीच्या जागी हे चिन्ह, बाकी सगळं तसंच.

टॅबिथाला तिने तेच शिकवलं. पोर पेन्सिल चावत म्हणाली, "पण मिस ट्वायला, सर म्हणाले वजावाल्या आकड्याने भागलं की चिन्हाचं तोंड फिरवायचं. पुस्तकातही काहीतरी तसंच आहे."

इथे ट्वायलाने पुस्तक उघडून बघायला हवं होतं. पण जी शिकवते तिने पोरीसमोर पुस्तकात बघायचं? तिने आपला बसमधला आवाज काढला. "पुस्तकं लांबण लावतात. फिरवाफिरवी केलीस तर गोंधळशील. आहे तसं खाली उतरव."

टॅबिथाने आहे तसं खाली उतरवलं. सोमवारी तिची मोठी परीक्षा झाली.

मंगळवारी ट्वायला आपल्या वर्गात होती. उजळणी होती, कारण तिची परीक्षा गुरुवारी. आणि तो फळ्याशी बोलणारा मास्तर त्या दिवशी नेमका वर्गाकडे वळला. "एक गोष्ट विसरलात तर अर्धा पेपर जाईल. वजाने भागलं, चिन्ह फिरवा. उदाहरण सांगतो, तीनपेक्षा पाच मोठे. पण खिशातल्या तीनाऐवजी उधारी तीनची, आणि पाचाऐवजी उधारी पाचची धरली, तर बरा कोण? ज्याची कमी तो. म्हणजे तोंड फिरलं."

इतकं सोपं होतं ते. ट्वायला म्हणाली, मला ते त्या क्षणी असं स्वच्छ कळलं, की वहीवर पेन ठेवताच येईना. आणि तरी तिने ते लिहून घेतलं. गुरुवारी प्रत्येक चिन्ह बरोबर फिरवलं. पास झाली, चांगली झाली. ही गोष्ट सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, गॅरेजच्या शटरकडे बघत होती. "म्हातारबा, मी फिरवलं रे. तिला चुकीचं सांगून मी स्वतः बरोबर लिहिलं."

त्या आठवड्यात टॅबिथा लायब्ररीत आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. ट्वायलाला काय वाटलं असेल? सुटका झाली असं वाटलं, हे तिनेच कबूल केलं. पहिले दोन दिवस तर तसंच वाटलं. मग सोमवारी ॲम्बर्गी बाईंच्या बाहेरचा बाक रिकामा दिसला. टॅबिथाच्या वर्गातल्या एका मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "ती? ती पेपर परत मिळाला त्या दिवसापासून दिसलीच नाही."

ट्वायलाने केलं होतं, पोर तेच करत होती. दिसायचं थांबलं की नाव गळेल या आशेवर घरात बसली होती. आणि नाव काढून घ्यायची शेवटची तारीख होती त्या शुक्रवारची. तोवर येऊन सांगितलं, तर नापासाचा गुण लागत नाही, बाकीच्या विषयांवर सरासरी तरते. नाही सांगितलं, तर नापास, पुढची टर्म बाहेर. आणि टॅबिथासारखी पोर एकदा घरी बसली, की जवळच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहते आणि तिथेच म्हातारी होते. अशा किती जणी ट्वायलाच्याच बसमधून उतरल्या होत्या.

ट्वायला ॲम्बर्गी बाईंकडे गेली. "नोबलांच्या पोरीला फोन करा."

"दुसऱ्या विद्यार्थ्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही," त्या म्हणाल्या. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून हळूच, "फोन काही लोक उचलत नाहीत, एवढंच सांगते."

बुधवार गेला. गुरुवार गेला. ट्वायलाने एल्डनकडून निरोप पाठवायचा विचार केला. मग नुसती तारीख कळवावी, बाकीचं गिळावं, असंही मनात आलं. पण नुसत्या तारखेने पोर हलणार नव्हती. ती मनाशी धरून बसली होती, की मिस ट्वायलासारखी बाई जीव तोडून शिकवते तरी आपल्या डोक्यात शिरत नाही, म्हणजे आपण मठ्ठ. ते खोटं आहे हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

शुक्रवारी सकाळी पोरं शाळेत सोडून ती आपल्या गाडीने सरळ नोबलांच्या दारात गेली. टॅबिथा ओसरीच्या झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसली होती. जीनेल बाहेर आली ती हात पुसतच. "या, या मिस ट्वायला. हिला तुम्हीच सांगा काहीतरी. माझं ऐकत नाही. म्हणते, मला गणित जन्मात येणार नाही."

ट्वायला पायरीवरच थांबली. "तिला येतं," ती म्हणाली. "मीच चुकीचं शिकवलं."

जीनेल हसली. "काहीतरीच काय."

"वजाने भागल्यावर चिन्ह फिरवायचं असतं. मला माहीत नव्हतं. मी तो वर्ग चुकवला होता. जीनेल, मी तिथे शिकवत नाही. मी शिकते. मीही प्रोबेशनवर आहे. गेल्या टर्मला दोन विषयांत नापास झालेय. तिने विचारलं शिकवायला आलात का, मी हो म्हणाले. सांगायची लाज वाटली."

झोपाळा थांबला. टॅबिथा म्हणाली, "म्हणजे पुस्तकात बरोबर होतं."

"हो."

"मी तुम्हाला म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतंस."

"तुमचा पेपर कसा गेला?"

ट्वायला म्हणते, असा प्रश्न पोलिसांनीसुद्धा विचारला नसता. तिने सांगितलं, "चांगला. मला मंगळवारी कळलं. तुझा सोमवारी झाला होता."

टॅबिथाने पाय खाली सोडले. आवाज चढला नाही, हेच वाईट. "मला तुम्ही कोंबडीच्या खोट्यासाठी महिनाभर पुढे बसवलं होतं. आणि मी इथे बसून स्वतःला शिव्या देतेय."

"ठाऊक आहे. मला हव्या तितक्या दे. पण गाडीत दे. आज शेवटची तारीख आहे. तू नाव काढून नाही घेतलंस तर नापास धरतील. नुसतं न जाऊन नाव निघत नाही. मी तेच करून बसलेय, म्हणून सांगते."

जीनेल इतका वेळ दाराची चौकट धरून उभी होती. ती मुलीला म्हणाली, "बूट घाल." आणि मग, जाळीचं दार ओढता ओढता, "मी अख्ख्या चर्चमध्ये यांचं नाव सांगत सुटले होते." ते ती ट्वायलाला ऐकू जावं म्हणूनच बोलली. मला नंतर तिनेच सांगितलं, की ते वाक्य तिला आवरता आलं असतं, पण तिने आवरलं नाही.

वाटेत टॅबिथाने शिव्या दिल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत बसली. शिव्या परवडल्या असत्या, असं ट्वायलाचं म्हणणं.

कॉलेजात शेवटचा दिवस म्हणून त्या बाकावर आणि भिंतीला टेकून पोरांची ही गर्दी. त्यांतली अर्धी ट्वायलाच्या बसमधून मोठी झालेली. तिला बघून सवयीने सगळी सरळ बसली. एकाने तर कानातलं गाणं काढून खिशात घातलं. कोणीतरी म्हणालं, "मिस ट्वायला आल्या. गृहपाठ दाखवा रे." पोरं हसली. दुसरा म्हणाला, "टॅबी, यांना काय वशिल्याला आणलंस?"

टॅबिथा खाली बघत उभी. तिचे कान पुन्हा लाल. ॲम्बर्गी बाईंनी दार उघडून विचारलं, "कोण कोणाबरोबर आहे?"

ट्वायलाला नुसतं गप्प राहता आलं असतं. ॲम्बर्गी बाईंनी दोघींना आत घेतलं असतं, दार लागलं असतं. पण तसं झालं असतं तर त्या सगळ्या पोरांनी हेच धरलं असतं, की ट्वायला बाई एका ढ मुलीला कान धरून घेऊन आल्यात. ती त्या गर्दीकडे वळली आणि बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाली, "कोणी कोणाला आणलेलं नाही. मी पण प्रोबेशनवर आहे. हिच्यासारखीच. हिचा पेपर गेला तो माझ्या शिकवण्याने."

ज्याने वशिल्याचं म्हटलं होतं त्याने सरकून बाकावर जागा केली. एकीला की दोघींना, ते कळलं नाही. टॅबिथा बसली. ट्वायला उभीच राहिली.

टॅबिथाचं नाव वेळेत निघालं. ती तरली. उन्हाळ्यात तिने तेच गणित दुसऱ्या मास्तरकडे घेतलं आणि कॉलेजच्या शिकवणी खोलीत जाऊन, खरोखर शिकवणाऱ्यांकडून शिकली. पास झाली. ट्वायलाला ती रस्त्यात भेटली की मान हलवते. त्यापलीकडे अजून काही नाही.

आमच्याकडे बातमी बसच्या आधी पोचते. त्याच दुपारी एल्डनला ती रस्ते खात्याच्या गड्याकडून कळली. तो घरी गेला आणि म्हणे एवढंच म्हणाला, "मला सांगायचं होतंस गं, मी बोललो नसतो कुठे." यावर त्या परिस्थितीतही ट्वायलाला हसू आलं.

मे महिन्यात तिचा निकाल लागला. गणितात सी, म्हणजे मधली श्रेणी, सरासरी रेषेच्या वर, प्रोबेशन उठलं. हर्शेलने गॅरेजमध्ये कॉफीचा कप उंच केला. "काय प्रोफेसर, सुटलात की. आता केक कोण आणणार?"

"मला प्रोफेसर म्हणू नकोस," ट्वायला म्हणाली. आणि आज ती बसखाली वाकली नाही, समोर उभी राहिली. "त्या पोरीला शिकवायचं म्हणून मी रोज पुस्तक उघडलं, हर्शेल. नाहीतर मी दुसऱ्यांदाही पळाले असते. माझ्या त्या सीमध्ये तिचा वाटा आहे. आणि मी तिला काय दिलं, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

हर्शेलने कप खाली ठेवला आणि स्वतः जाऊन तिच्या बसचा डावा आरसा पुसला.